मोठ्या सुनेची बदली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पिपरी मेघेत तुमच्या गल्लीतलं ओळखीचं एक फाटकसुद्धा आता उरलेलं नाही. मागच्या महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. माझ्या जागी येणारी मुलगी निरोपाच्या दिवशी पाया पडायला आली. मी तिला पेढा दिला, वर्गाची हजेरीवही कुठे असते ते दाखवलं, अगदी नीट बोलले, आणि ती गेल्यावर पाच मिनिटं वर्गाचं दार आतून लावून बसले. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. माफी मागायला नाही. माफी मी फार वर्षं उराशी बाळगली, आता तिचीच चीड येते. तुमचीही येते. तुम्ही गेलात म्हणून सगळा दोष माझ्या पदरात टाकून बसायचं, हे मला आता जमत नाही.

तुमची थोरली बहीण आमच्या तळेगावात दिलेली, त्या ओळखीवर तुम्ही आमच्या घरी आला होतात. पोरगी हुशार आहे, माझ्याजवळ ठेवा, असं तुम्ही माझ्या बाबांना म्हणालात आणि मी आठवीत तुमच्या मागच्या खोलीत राहायला आले. शाळेत तुम्ही हिंदी शिकवायच्या. वर्गात तुमचं बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ, आणि घरी पाऊल टाकलं की वऱ्हाडी. तुमच्या स्वयंपाकघरात मी गोळाभात शिकले, तुमच्याच चष्म्याच्या डबीत माझी पहिली कानातली ठेवली, तुमच्याच सांगण्यावरून बी.ए. झाले. तुम्ही स्वतः बी.एड. केलं नव्हतं. आधी वडिलांचं दुखणं होतं, मग वय झालं. दर जूनला हेडमास्तर तुम्हाला वर्षभराची नवी ऑर्डर द्यायचे, त्यावर ‘प्रशिक्षित उमेदवार मिळेपर्यंत’ असं छापलेलं असायचं, आणि तुम्ही ती न वाचता पेटीत टाकायच्या. असे अठरा जून तुम्ही काढलेत. मला मात्र नागपूरला बी.एड.ला तुम्हीच पाठवलंत. म्हणालात, माझ्यासारखी दारात उभी राहू नकोस, आत जाऊन बस. मी आत जाऊन बसले, बाई.

ते वर्ष शहाऐंशी-सत्त्याऐंशीचं. मी वसतिगृहात राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं वर्ध्याला उतरून पिपरीला यायची, कारण रविवारी सकाळी तुमच्याकडे ती मालिका असायची. गल्लीत टीव्ही दोघांकडेच, आणि बायकांना मोकळेपणानं बसता येईल असा तुमचाच. अँटेना नागपूरकडे वळवायला मी गच्चीवर चढायची आणि खालून तुम्ही ओरडायच्या, अजून मुंग्या दिसून राहिल्या म्हणून. शेजारच्या काकू शेंगा निवडायला घेऊन यायच्या. त्यांच्या सासूबाई, आम्ही त्यांना आजी म्हणायचो, भिंतीला टेकून बसायच्या. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या एक सिस्टर रात्रपाळी संपवून पांढऱ्या साडीतच सायकलवरून थेट यायच्या. दिल्लीतल्या एका मोठ्या कुटुंबाची ती गोष्ट दीड वर्ष चालली होती आणि आम्हाला त्या घरातली मोठी सून सगळ्यांत जवळची. ती फार बोलायची नाही. सगळे भांडायचे आणि ही चहा आणायची. तुम्ही एकदा म्हणाला होतात, हिचं चालणं पाहा, दमलेली बाई अशीच चालते, हे कोणी शिकवून येत नाही.

आणि हिवाळ्यातल्या एका रविवारी स्वयंपाकघराचा पडदा सरतो आणि ट्रे घेऊन भलतीच बाई बाहेर येते. चेहरा वेगळा, उंची वेगळी, चाल झपाट्याची. घरातले सगळे तिला मोठ्या सुनेच्याच नावानं हाक मारतात, लेकरं तिच्याच मांडीवर बसतात, नवरा तिच्याशीच कालच्या बोलण्याचं पुढचं बोलतो. कोणाला काही वाटत नाही. आधी कुठे सूचना नाही, पाटी नाही. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, ही कोण, हिला कोणी पाठवलं. तुम्ही उठून टीव्हीजवळ गेलात, जवळून पाहिलंत, जणू दोष काचेचा असावा.

त्यानंतरचे रविवार मला अजून आठवतात, कारण माणसं एकाच धक्क्यातून किती वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. आजींनी दोन मिनिटांत प्रश्न सोडवला. मोठी बाळंतपणाला माहेरी गेली, ही तिची चुलतबहीण, सवा महिन्यानं ती येईल. मग त्या दर रविवारी विचारायच्या, आली काय वो ते. काकू नव्या सुनेचा इतका तिरस्कार करू लागल्या की एक भाग चुकवायच्या नाहीत. तिचा पदर, तिचं हसणं, तिचं चहा ओतणं, सगळ्यावर त्यांचा राग, आणि तो राग करायला त्या वेळेआधी येऊन बसायच्या. सिस्टर पुढच्याच रविवारी रुळल्या. त्या म्हणाल्या, आमच्या वॉर्डात एका खाटेवर सकाळी एक असते नि संध्याकाळी दुसरी, चादर बदलली की झालं. तुम्ही मात्र खुर्ची फिरवून घेतलीत. टीव्हीकडे पाठ करून भाजी चिरायच्या आणि नुसतं ऐकायच्या, कारण गोष्ट सोडवत नव्हती. नव्या बाईचा आवाज आला की विळीचा वेग वाढायचा.

तुम्ही दिल्लीला टीव्हीवाल्यांना पत्र लिहिलंत. तुम्ही सांगितलंत आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवलं. हमारी बड़ी बहू कहाँ गई, अशी सुरुवात होती. ती आजारी आहे का, तिला काढलं का, काढलं तर तिनं काय चूक केली होती, एवढंच विचारलं होतं. गल्लीतल्या बायकांच्या सह्या घेतल्या, आजींचा अंगठा घेतला. महिन्यानं एक छापील कार्ड आलं, आपल्या सूचनांबद्दल धन्यवाद. तुम्ही ते देवघराच्या फळीवर ठेवलंत.

फेब्रुवारीत मी एकदा सहज बोलून गेले की नवीही तशी वाईट नाही, आणि तिचा काय दोष, तिला काम मिळालं, तिनं केलं. खोलीत फक्त आपण दोघी होतो. तुम्ही विळी बाजूला सरकवलीत.

“तिचा दोष नाई म्हनतं तू. पन तिनं आधी विचाराले पाह्यजे होतं, पहिली कुठी गेली म्हनून. विचारलं असन काय तिनं?”

मी म्हणाले, “विचारून काय होणार होतं बाई? हिनं नाही म्हटलं असतं, तर तिसरी आली असती.”

“येऊ दे ना मंग तिसरी,” तुम्ही म्हणालात. “हे तर नसती ना.”

तेव्हा मला ते एका मालिकेवरून चाललेलं बोलणं वाटलं. चिडलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईचा हट्ट वाटला. खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं होतं.

मे महिन्यात माझी परीक्षा झाली आणि हेडमास्तरांनी मला शाळेत बोलावून घेतलं. हिंदीची जागा आहे, म्हणाले, प्रशिक्षित उमेदवार हवा असा वरून आग्रह आहे, तू आपलीच विद्यार्थिनी. शाळेत हिंदीची जागा एकच होती. ती कोणाची हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, दाराशी उभ्या असलेल्या शिपायालाही माहीत होतं. मी विचारलं नाही, बाई. आमच्या बाईंचं काय, हे तीन शब्द. ते जिभेवर होते. पण त्याच आठवड्यात तळेगावाहून बाबांचा निरोप आला होता की जूनपर्यंत नोकरी नाही लागली तर आष्टीकडचं स्थळ पक्कं करतो, मुलगा बिजवर आहे पण शेती चांगली आहे. मी अर्जावर सही केली. हेडमास्तरांनी पंखा मोठा केला आणि चहा मागवला.

ऑर्डर मी माझ्या ट्रंकेत, साडीच्या घडीत ठेवली. तीन आठवडे. ते तीन आठवडे मी तुमच्या हातची भाकरी खाल्ली, तुमच्या डोक्याला तेल लावलं, रविवारी गच्चीवर चढून अँटेना वळवला. दर सकाळी ठरवायची की आज सांगते. तुम्ही जूनसाठी नवीन वह्यांना खाकी कव्हरं घालत बसायच्या आणि मी शेजारी बसून कव्हरं कापून द्यायची. आता मला वाटतं, तुम्हाला तेव्हाच थोडं कळलं असावं. पण तुम्हीही विचारलं नाहीत. विचारायचा नियम फक्त मलाच लागू होता का?

शाळा उघडायच्या चार दिवस आधी शिपाई घरी आला आणि बंद पाकीट तुमच्या हातात देऊन, माझ्याकडे न पाहता गेला. तुम्ही ते चुलीजवळ उभ्यानंच वाचलंत. तव्यावर भाकरी होती. ती उलटलीत, शेकलीत, खाली काढलीत. मग मला विचारलंत, “तुले कवा समजलं?”

“आजच,” मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडे तुम्ही बराच वेळ पाहायच्या, ती रडेपर्यंत. त्या दिवशी लगेच नजर काढून घेतलीत. “जेवून घे,” म्हणालात. “उद्या दुसरी खोली पाह्यजो.”

एवढंच. एक शिवी दिली असती तर मी ती घेऊन जगले असते. मी जेवले, बाई. दोन भाकरी जेवले. त्याची मला आजही शिसारी येते, आणि तुम्ही वाढत राहिलात याचीही.

वर्गात पहिल्या दिवशी मुली उभ्या राहिल्या, पण ‘नमस्ते’ कोणी म्हणालं नाही. एकीनं विचारलं, आमच्या बाई कधी येणार. दुसरी म्हणाली, त्या आजारी आहेत, दिवाळीनंतर येतील. कविता मी वाचली की मागच्या बाकावरून कुजबूज, आमच्या बाई अशा नव्हत्या म्हणत. मी तुमच्यासारखं खडू धरायला लागले, तुमच्यासारखा फळा डावीकडून पुसायला लागले, आणि ते पाहून त्या जास्तच चिडल्या. एक मुलगी चार महिने माझ्या तासाला खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिला कधी रागावले नाही, तिचंच बरोबर आहे असं वाटायचं. मग दिवाळी झाली आणि एका सोमवारी ती सरळ बसली. वार्षिक परीक्षेपर्यंत त्या मला ‘आमच्या बाई’ म्हणायला लागल्या. ज्याची मी वाट पाहत होते ते मिळालं, आणि ते मिळालं त्या दिवशी मी घरी जाऊन काही खाल्लं नाही. इतक्या लवकर? अठरा वर्षं शिकवलेल्या बाईला एका वर्षात?

आपण एकाच गावात होतो. तुम्ही घरी शिकवण्या घ्यायच्या. काकूंकडून कळायचं की टीव्ही तुम्ही विकून टाकलात, मालिका तर केव्हाच संपली होती. दोन वर्षांत आपण एकदाच समोरासमोर आलो, भाजीबाजारात. मी पिशवी खाली ठेवून वाकायला गेले. तुम्ही पाय मागे घेतलेत आणि म्हणालात, “पोरी मात्रा चुकवून राहिल्या. वह्या पाहत जाय.” आणि तुम्ही पुढच्या दुकानाकडे गेलात. माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्या तुमच्याकडे येत होत्या, माझ्या लाल शाईवर तुमची नजर फिरत होती, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. त्या रात्री मी सगळ्या वह्या पुन्हा तपासल्या. तुमचं बरोबर होतं. तुमचं नेहमीच बरोबर असायचं, म्हणून तर तुमच्याजवळ राहणं सोपं होतं आणि तुमच्यासमोर चुकणं अशक्य.

पण एक विचारते, आता तरी. मी नाही म्हटलं असतं, आष्टीला बिजवराच्या घरी गेले असते आणि तुमच्या जागी नागपूरची कोणी तिसरी आली असती, तर तुम्हाला खरंच बरं वाटलं असतं का? तुम्ही हो म्हणाला असता. मला माहीत आहे. आणि म्हणूनच मला तुमचा राग येतो. मी घडलेली तुम्हाला हवी होते, फक्त तुमच्या वाटेत नको होते.

तुम्ही एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात गेलात, तापानं, आठ दिवसांत. सेवाग्रामला तुमच्याजवळ सिस्टर होत्या, म्हणजे अगदीच परकं कोणी नव्हतं. मला निरोप दुसऱ्या दिवशी आला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर शोकसभा झाली. हेडमास्तर मला म्हणाले, तुम्ही बाईंच्या सर्वांत जवळच्या, तुम्हीच बोला. सभागृहात मुली होत्या, नवे शिक्षक होते, दारात काकू उभ्या होत्या. मी उभी राहिले आणि सांगितलं की जून सत्त्याऐंशीत बाईंनी स्वतः मला बोलावलं, माझ्या हातात खडू दिला आणि म्हणाल्या, आता हा वर्ग तुझा. बऱ्याच जणींनी डोळे पुसले. काकू पदर तोंडाशी धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. शाळेच्या वार्षिकांकात ते छापलं गेलं आणि पुढे तीस वर्षं दर शिक्षकदिनाला कोणी ना कोणी ते वाचून दाखवायचं. मी खाली बसून ऐकायची. मागच्या महिन्यात त्या नव्या मुलीनंही मला ते ऐकवलं, आणि मी तिला ते खोटं असल्याचं सांगितलं नाही.