चारचं औषध

अहो, आज जरा गप्प बसा आणि ऐका. जन्मभर मी ऐकलं, आता तुमची पाळी. लिहितेय आपली नात, धाकट्याची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या आरामखुर्चीच्या हातावर चढून बसायची तीच. आता वकिलीच्या कॉलेजात जाते. सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर ही हातात कागद घेऊन दारात उभी. म्हणाली, आजी, पाच मिनिटं ऐक ना यार, उद्या कॉलेजात मला बोलायचंय. तुला कळलं की जजला कळतं, बाबा सांगतात आजोबांची हीच ट्रिक होती. मी तवा उतरवला, गॅस बंद केला. म्हटलं, ते कागद ठेव बाजूला आणि पेन घे. मी बोलते, तू लिही. कुणाला लिहायचं, तिने विचारलं. तुझ्या आजोबांना. पत्ता काय घालू, म्हणाली. माझ्यावरच गेलीय, टोमणा मारताना तोंड सरळ ठेवते.

तुमच्याविषयी वाईट बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मोठी अडचण आहे ती. तुम्ही गेलात तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली आणि जो उठला त्याने तुमचं कौतुक केलं, आणि सगळं खरं होतं. दारूचा थेंब नाही, आवाज चढवणं नाही. घाटकोपरच्या चाळीतल्या एका खोलीतून तुम्ही दोन्ही भावांना शिकवलंत, बहिणीचं लग्न केलंत, मग मुलुंडला हे घर घेतलंत. रविवारी मासळी तुम्ही स्वतः आणायचात, कल्ले उघडून बघून. आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं भांडं तुम्ही स्वतः उचललंत, बाईला हात लावू दिला नाहीत. सरकारी वकील असून कुणाची मिठाई घरात आली नाही. एकदा कुणीतरी आंब्याची पेटी दाराशी ठेवून गेला, ती तुम्ही पोरं रडत असताना परत पाठवलीत. मी तर पेटीला नाक लावून बसले होते. नवरा वाईट असता तर रागवायला सोपं गेलं असतं. बाकीच्या बायका चारचौघींत नवऱ्याला शिव्या घालून मोकळ्या व्हायच्या, आणि मी सुरुवात केली की म्हणायच्या, तू तर बोलूच नकोस बाई.

पण सकाळचं ते कोर्ट. खटल्याचं भाषण असलं की तुम्ही पायजम्यावर, हातात कागद घेऊन, स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी खाली बसून भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही मला खुनाचं सांगताय. कोण कुठून आला, कुणी पाहिलं, सुरा कुठे सापडला. मी काही विचारायचं नाही, मला तसं सांगितलेलंच होतं. फक्त माझा हात थांबला की तुम्हाला समजायचं, इथे हिला कळलं नाही. तुम्ही तिथे पेनाने खूण करायचात आणि तेवढं पुन्हा, सोपं करून सांगायचात. हात पुन्हा चालू झाला की पुढे. वाचायचात छान, तेवढं मी मान्य करते. भाकरी करपली तरी मला पत्ता लागायचा नाही. मला वाटायचं, एवढा शिकलेला माणूस कोर्टात जायच्या आधी माझ्यापाशी येतो. कॉलर ताठ करून फिरायचे मी, पदराला कॉलर असती तर.

मग त्या पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बाई आल्या. पालिकेच्या शाळेत बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू केला होता त्यांनी, दुपारी चारला. पोरं शाळेत, तुम्ही कोर्टात, आई झोपलेल्या. मी पस्तिशीची घोडी, पाटी पदराखाली लपवून जायचे. ग, म, भ, न एवढं आलं होतं. म लिहिताना माझी जीभ बाहेर यायची आणि शेजारची हसायची. तुम्हाला सांगितलं नव्हतं, चकित करायचं होतं. पण एका सकाळी तुम्ही वाचत होतात आणि मला राहवलं नाही. उठून तुमच्या कागदात डोकावले आणि पिठाचं बोट ठेवून म्हटलं, हा म ना? तुम्ही थांबलात. वाचत होतात ते कुठवर आलं होतं तेच तुम्हाला सापडेना. हो, म, एवढंच बोललात. मला वाटलं, खूश झालात.

दोनच दिवसांनी तुम्ही आईंसाठी नवीन बाटली आणलीत. समोर बसवून मला समजावलंत, किती गोड आवाजात. डॉक्टरांनी औषध बदललंय, हे दुपारी बरोबर चारला द्यायचं, मागेपुढे झालं तर उपयोग नाही. बाटली माझ्या हातात देऊन लेबलावर बोट ठेवलंत. म्हणालात, "हे बघ, लिहिलंय इथे." मी बघितलं. त्यात एक म होता, एवढं मला कळलं. मग म्हणालात, तुझा वर्ग आहे हे मला ठाऊक आहे, मी नाही म्हणणार नाही, तूच ठरव. आणि मी ठरवलं. माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध निकाल काढून घेतलात तुम्ही. पाटी थोरल्या लेकीला दिली. आई बिचाऱ्या मला म्हणायच्या, जा गं तू, माझं मी घेईन, हात अजून चालतायत माझे. मी म्हणायचे, नाही हो, चारलाच द्यायचंय, लिहिलंय. त्या जाईपर्यंत रोज चारला घड्याळाकडे बघत चमचा घेऊन उभी राहिले मी.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा सगळ्यांनी मिळून तुमचा सत्कार केला. मी नवीन पातळ नेसून पहिल्या रांगेत, शेजारी जजसाहेबांची बायको. तुम्ही बोलायला उठलात आणि म्हणालात, माझं पहिलं कोर्ट माझ्या स्वयंपाकघरात भरतं. अंगठा उठवणारी न्यायाधीश आहे, तिला कळलं की कुणालाही कळतं. लोक हसले. तिथे थांबला असतात तरी मी गिळलं असतं. पण लोक हसले की तुम्हाला चेव यायचा. म्हणालात, मध्ये एकदा ती शिकायला निघाली होती. म्हटलं, गेलं आपलं कोर्ट. वर्ग चारचा होता, मग मी आईचं टॉनिक चारचं केलं. जजसाहेब पोट धरून हसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मीही हसले.

टॅक्सीत तुमच्या मांडीवर हारांचा ढीग. मी विचारलं, "बाटलीवर काय लिहिलं होतं?"

"अगं, किती वर्षं झाली त्याला."

"काय लिहिलं होतं?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "रोज दोन चमचे."

हे लिहिताना आत्ता नातीचा हात थांबला. म्हणते, आजी, आजोबांनी खरंच असं केलं? म्हटलं, पुढे लिही. कोर्टात उलटसुलट साक्ष देणाऱ्याला तुम्ही घाम फोडायचात, आणि घरात एका बाटलीवर बोट ठेवून खोटं बोललात, तेही मला वाचता येत नाही या भरवशावर. मारलं असतंत तर वळ तरी दाखवता आला असता. कुणाला काय सांगू? नवऱ्याने सासूला टॉनिक आणलं, अशी तक्रार करू?

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाटी आणि अंकलिपी घेऊन आलात. नवी कोरी. दुपारचा चहा पीत म्हणालात, आता मला वेळच वेळ आहे, ये, मी शिकवतो. मी कप उचलले आणि म्हटलं, "चारला मला वेळ नसतो." तुम्ही पाटी माळ्यावर टाकलीत. त्यानंतर वीस-बावीस वर्षं तुम्ही होतात. ऐंशी गाठलीत. पेपर मोठ्याने वाचून दाखवायचात, माझे पाय चेपायचात, डोळ्यांच्या ऑपरेशनला हात धरून नेलंत. लोक म्हणायचे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. आणि मी रोज मनात म्हणायचे, हरलेली केस हा माणूस वरच्या कोर्टात नेतो, मग ही का नाही नेत? एका नकारावर फाइल बंद करणाऱ्यातले तुम्ही नव्हतात. सरकारसाठी वर्षानुवर्षं भांडलात. माझ्यासाठी एक दुपार.

नातीने आता पेन खाली ठेवलंय. विचारते, आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली, आई होती, बाबा होते, मी होते, मग तू का नाही शिकलीस? मी म्हटलं, डोळे. म्हणाली, ऑपरेशन झालंय. म्हटलं, गुडघे. म्हणाली, गुडघ्याने कोण लिहितं? चांगली वकील होणार ही. उद्याचं भाषण हिने माझ्यापुढे म्हणायचं नाही, असं मी ठरवलंय. हिने आरशापुढे उभं राहावं.

हे टपालात पडणार नाही, ते मलाही कळतं. पण तिने विचारलंच आहे तर तिला सांगितलं. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं असतंत, तर मी बसले असते. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी, आजारात पडून होतात तेव्हा सुद्धा. मी वाट बघत होते. आणि तिला बजावलंय, एवढं शेवटचं लिहू नकोस, आजोबांना कळायला नको. ती हो म्हणाली. मान खाली घालून अजून लिहितेच आहे. काय लिहितेय, मला कळायला मार्ग नाही.