फाटक उघडं राहील

लोणावळा, १९४१

दाजींना नमस्कार,

तुमची यमू बाळंतपणानंतर दवाखान्यातच राहणार, हे मोठ्या सिस्टरांनी आत्ताच स्वतः सांगितलं. अंगात ताप असूनही तिची सासू उद्याच्या पाचवीसाठी तिला घरी न्यायला आली होती.

"सटवाई हितं मिशनच्या दवाखान्यात कशी यील?"

सिस्टर म्हणाल्या, "पूजा इथेच मांडा. रात्री मी फाटक उघडं ठेवते."

"अन् कुत्री शिरली मंजी?"

"मी फाटकात बसते."

सासूबाई तयार झाल्या.

यमू जन्मली तेव्हा तिच्या पाचवीला अक्कालाही असाच ताप होता. आपण तिला इथूनच बैलगाडीत घालून घरी औंढ्याला निघालो आणि ती वाटेतच गेली. सिस्टरांना विचारून बघावं, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

ती गाडी तुम्ही हाकत होतात, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही.

उद्या दिवेलागणीला सासूबाई पाटा-वरवंटा घेऊन येतील. सिस्टर फाटकात बसतील.

तुमची मेहुणी,
सरू