सहा किलोची करवत मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
वृक्ष विभाग (छाटणी व तोड),
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : मुकादम, तोड पथक क्र. ३ (सध्या निलंबित)

विषय : येत्या सोमवारी रुजू होणाऱ्या महिला करवतचालकास हलकी व जलद साखळी करवत न देता जुनी, जड, मध्यम किमतीची करवत देणेबाबत.

संदर्भ : १) आपले अनुकंपा नेमणूकपत्र, दि. ४.
२) अपघात चौकशी अहवाल, पाने सहा.
३) अर्जदारास मिळालेले कारणे दाखवा ज्ञापन, दि. ७ (भांडारातील पाच करवती फोडल्याबद्दल व भांडारपालांचा गळा धरल्याबद्दल).

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार आपल्या विभागात बावीस वर्षे झाडे तोडत आहे. अर्जदाराच्या उजव्या तळहाताला चौदा टाके असल्यामुळे त्याला पेन धरता येत नाही. म्हणून हा अर्ज अर्जदार तोंडी सांगत आहे आणि त्याची धाकटी बहीण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहून घेत आहे. अक्षर तिचे आहे, मजकुराची जबाबदारी अर्जदाराची. सदर बहीण हीच संदर्भ क्र. १ मधील महिला करवतचालक होय. तिचा नवरा, म्हणजे अर्जदाराचा मेहुणा, पथक क्र. ३ चा करवतचालक होता. गेल्या महिन्याच्या २१ तारखेला हलक्या करवतीने त्याची मान कापली आणि तो जागच्या जागी गेला. त्याची जागा आपण त्याच्या बायकोला दिली, याबद्दल घरातले सर्वजण आभारी आहेत. परंतु जागेबरोबर त्याची करवतही तिलाच देण्यात आली आहे. यंत्र क्र. सात. पोलिसांकडून परत आलेली, धुऊन पुसून ठेवलेली, तीच.

२. नेमणूकपत्रावर "महिला कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी वजनास हलके यंत्र द्यावे" असा शेरा आहे. शेरा मारणाऱ्याने सदर महिलेस पाहिलेले दिसत नाही. तिने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना दोन वर्षे एकटीने उचलून कुशीवर वळवले आहे. गॅसची भरलेली टाकी ती खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेते आणि वर जाऊन शेजारणीशी भांडायलाही तिला दम उरतो. नवऱ्याच्या करवतीच्या साखळीला नऊ वर्षे घरी गोल कानशीने धार लावली ती तिनेच. चार किलो की सहा किलो हा प्रश्न तिच्या दंडांना पडलेला नाही. तो तिच्या भावाला पडला आहे, कारण चार किलोचे यंत्र काय करते ते त्याने हातभर अंतरावरून पाहिले आहे.

३. साहेबांना स्मरत असेल, मागच्या वर्षी खरेदीपूर्वी कार्यालयाच्या आवारात तीन करवतींचे प्रात्यक्षिक झाले होते. सर्वांत स्वस्त करवत पहिल्याच ओंडक्यात धूर सोडून बसली, तिच्याविषयी कुणाचे दुमत नाही. मधली करवत आम्ही आठ वर्षे वापरत होतो त्याच जातीची, वजन सहा किलो तीनशे ग्रॅम. तिने ओंडका एकोणीस सेकंदांत कापला. हलकीने अकरा सेकंदांत. विक्रेत्याचा गॉगलवाला माणूस हलकी करवत एका हाताने डोक्यावर धरून मिरवत होता आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ओंडका वाळलेला होता, दोन्ही बाजूंनी घोडीवर नीट टेकवलेला, आजूबाजूला एक फांदी नाही. असे शहाणे लाकूड अर्जदारास रस्त्यावर कधी भेटलेले नाही. रस्त्यावरचे झाड पडते ते भिंतीवर, तारांवर, कुणाच्या मोटारीवर. अर्धे अडकते, अर्धे पिळवटते, आणि त्याच्या पोटात जो ताण साठतो तो पहिला हात लावणाऱ्यावर काढते.

अर्जदाराचे मत विचारण्यात आले होते. त्याने मधली करवत सांगितली. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ही दमते, पण दगा देत नाही." यावर टिपणीत "अनुभवी, परंतु जुन्या वळणाचा, मत तांत्रिक नाही" अशी नोंद झाली. दर ओंडक्यामागे आठ सेकंद वाचले. त्या आठ सेकंदांचे कार्यालयाने पुढे काय केले, हे अर्जदारास अद्याप कळविण्यात आलेले नाही.

मधली करवत गरीब गाय आहे असा अर्जदाराचा दावा नाही. तिने अर्जदाराच्या डाव्या पायाची दोन बोटे घेतली आहेत. पण घेण्यापूर्वी ती घरघरली, अडखळली, खाली दबली. पाय काढून घ्यायला सवड होती, अर्जदाराने काढला नाही. बूट फाडून बोटे बाहेर काढली ती मेहुण्याने, आणि वर "आता बूट एक नंबर लहान घे" असे म्हणाला. तेव्हा त्याचे लग्न होऊन महिनाच झाला होता.

४. आता पथक क्र. ३ ची एक रीत सांगणे भाग आहे, कारण ती कोणत्याही नियमावलीत नाही आणि चौकशी समितीने तिच्याबद्दल विचारले नाही. करवत चालवणाऱ्याच्या कमरेला रुंद चामडी पट्टा असतो. दुसरा माणूस त्याच्या मागे उभा राहून तो पट्टा मुठीत धरतो. कापणाऱ्याचे डोळे पात्यावर, कान यंत्राने बधिर. लाकूड फुटण्यापूर्वी आतून बारीक कुरकुरते, त्याला आम्ही लाकूड बोलले म्हणतो. ते ऐकायचे काम मागच्याचे. लाकूड बोलले की मागच्याने विचारायचे नाही, ओरडायचे नाही, पट्टा धरून सगळ्या अंगाने मागे ओढायचे. कापणाऱ्यानेही का म्हणून विचारायचे नाही. जड करवत अशा वेळी आपल्या वजनाने खाली राहते, माणूस आणि यंत्र दोन्ही एकदम मागे येतात, आणि फांदी मोकळ्या जागेत आपटते. या रीतीने अर्जदाराने मेहुण्याला नऊ वर्षांत अकरा वेळा ओढले. अकराही वेळा तो मातीत उताणा पडला आणि अकराही वेळा संध्याकाळी जेवायला घरी गेला.

५. दि. २१ रोजी दुपारी वाऱ्याने पडलेले एक जुने झाड बसथांब्याचे छप्पर आणि दवाखान्याची भिंत यांच्यात अडकले होते. पथक तेथे गेले. करवत क्र. सात मेहुण्याच्या हातात, पट्टा अर्जदाराच्या हातात. हलक्या करवतीचा आवाज किंचाळल्यासारखा आहे, त्यात स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. पाते खोडात अर्ध्यावर गेले असताना मेहुण्याचे अंग मागे आले, हात मागे आले, पण करवतीला वजनच नसल्याने तिचे टोक वर उचलले गेले. खोडामागे एक फांदी होती, मनगटाएवढीही नाही. टोक तिला लागले आणि करवत उलटली. ती मानेत डाव्या बाजूने शिरली. रक्त आधी छपराच्या पत्र्यावर आपटले, मग अर्जदाराच्या तोंडावर. साखळीत गळपट्टा गुंतला होता आणि गळपट्ट्याबरोबर जे गुंतायचे तेही. अर्जदाराने दोन्ही पंजे त्या जखमेत घालून दाबून धरले. बोटांच्या फटींतून ते दहा-बारा वेळा उसळले, मग नुसते ओघळत राहिले. दवाखाना भिंतीपलीकडे होता. तेथून माणसे स्ट्रेचर घेऊन धावत आली, तरी उपयोग झाला नाही.

करवतीला झटका बसताच तिचा ब्रेक आपोआप लागतो, असे विक्रेत्याच्या पत्रकात छापलेले आहे. तो लागला, हे चौकशी अहवालात बरोबर लिहिले आहे. मान कापून झाल्यावर लागला, एवढेच त्यात लिहायचे राहिले.

६. अहवालाचा निष्कर्ष असा : "यंत्रात दोष आढळला नाही. चालकाने स्वतः अवेळी पाऊल मागे घेतल्याने तोल गेला. चालकाचा निष्काळजीपणा." अहवालाची प्रत आणण्यासाठी अर्जदार दि. ६ रोजी सकाळी भांडारात गेला. भांडारपाल सौजन्याने म्हणाले, "काळजी करू नका, करवतीला ओरखडासुद्धा नाही." यानंतर जे घडले ते ज्ञापनात नमूद आहे. अर्जदाराने त्यांचा गळा धरला हे खरे आहे. दाबला हे खरे नाही, असे अर्जदार आधी सांगणार होता. पण बहीण म्हणते, अर्जात खोटे नको. दाबला. त्यांचे डोळे पांढरे होईपर्यंत दाबला आणि मग सोडला. त्यानंतर कोपऱ्यातला घण घेऊन हलक्या आठ करवतींपैकी पाच फोडल्या. सहावीवर घाव घालताना पाचवीचे तुटलेले पाते उडून तळहातात घुसले, म्हणून सहावी राहिली. क्र. सात तेव्हा पोलिसांकडे होती, नाहीतर पहिला घाव तिच्यावरच बसला असता. भांडारपालांची अर्जदार माफी मागतो. करवतींची मागत नाही.

७. या परिच्छेदातील मजकूर अर्जदाराने आजवर कुणालाही सांगितलेला नाही, लिहून घेणाऱ्या बहिणीलाही नाही.

मेहुण्याने पाऊल मागे घेतले नाही. अर्जदाराने पट्टा ओढला. लाकूड बोलले असे त्याला वाटले, आणि बावीस वर्षांची सवय, हात विचारत नाही. लाकूड बोलले नव्हते. ते खोड तसेच्या तसे दुसऱ्या दिवसापर्यंत पडून होते आणि दुसऱ्या पथकाने ते दोन तासांत शांतपणे कापून नेले. अर्जदाराला काय ऐकू आले, ते त्याला ठाऊक नाही. बहुधा त्या यंत्राचीच किंचाळी. ओढले नसते तर मेहुणा आज जिवंत असता. चौकशीत कुणी विचारले नाही आणि अर्जदार बोलला नाही. बहीण गेला महिनाभर नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहून त्याला शिव्या देते, की मेल्या, एवढी कसली घाई होती, पाय जागेवर ठेवता येत नव्हता का. अर्जदार तेथेच बसून ते ऐकत होता.

(पान क्र. तीनवरील डागांबाबत खुलासा : वरील मजकूर लिहून झाल्यावर लेखन सुमारे वीस मिनिटे थांबले. लेखनिकेने टेबलावरची गोल कानस उचलून अर्जदाराच्या टाके घातलेल्या हातावर मारली. मोजले नाही, पण पाच-सहा वेळा. अर्जदाराने हात मागे घेतला नाही. नऊ टाके उसवले. डाग अर्जदाराच्या रक्ताचे आहेत. कागद बदलण्याची लेखनिकेची तयारी नाही, तरी अर्ज आहे त्या स्थितीत स्वीकारावा.)

८. सबब अर्जदाराची विनंती की :

(अ) बहिणीस करवत क्र. सात, किंवा त्या जातीची कोणतीही, देऊ नये. भंगारात लिलावासाठी टाकलेल्या जुन्या करवतींत क्र. बारा आहे, मागच्या मुठीला तार गुंडाळलेली. ती सुरू होते, अर्जदाराने पाहिली आहे. ती द्यावी.

(आ) मेहुण्याच्या सेवापुस्तकातील "निष्काळजीपणा" हा शब्द खोडून तो अर्जदाराच्या सेवापुस्तकात लिहावा.

(इ) अर्जदारास निलंबित ठेवावे, बडतर्फ करावे, पोलिसांत द्यावे, हरकत नाही. फक्त उरलेल्या तीन हलक्या करवती फोडण्यासाठी त्याला अर्धा तास भांडारात सोडावे. घण तो घरून आणील.

(ई) सोमवारी बहिणीचा पट्टा दुसऱ्या कुणालातरी धरायला सांगावे. अर्जदाराचा आपल्या हातावर विश्वास राहिलेला नाही.

सोमवारला चार दिवस राहिले आहेत. निर्णय त्यापूर्वी व्हावा.

आपल्या विभागाचा बावीस वर्षांचा नोकर व आपला अपराधी,
मुकादम, तोड पथक क्र. ३
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
दि. १४, गुरुवार

सोबत : १) नेमणूकपत्राची प्रत. २) चौकशी अहवालाची प्रत. ३) मृताचा चामडी पट्टा, एक, मागे मुठीची खूण पडलेला, पाहून परत मिळावा, सोमवारी लागणार आहे.

लेखनिकेची पुरवणी, अर्जदारास न विचारता :

साहेब, मागणी (ई) मी नामंजूर करते. निलंबन असो वा नसो, पट्टा दादाच धरणार. पथकात त्याच्याइतके लाकूड कुणाला ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्या भरवशावर मी माझा जीव टाकणार नाही, मला घरी दोन मुली आहेत. पण त्याचा हात ओढायचा राहणार नाही. कानशीने ठेचून पाहिला, तो सुधारण्यातला नाही. माझ्या नवऱ्याला त्यानेच अकरा वेळा परत आणला आणि बाराव्या वेळी त्यानेच मारला, एकाच हाताने, एकाच सवयीने. तो हात बदलणे माझ्या हातात नाही आणि यंत्र बदलणे तुमच्या हातात आहे. जड करवत द्या. सोमवारी सकाळी आठ वाजता मी भांडाराच्या खिडकीवर येते आहे. खिडकीतून क्र. सातच बाहेर आली, तर मी ती दादाच्या हातात देईन आणि पट्टा मी धरीन.

करवतचालक, तोड पथक क्र. ३
(सही)