आईच्या पाळण्यातल्या ओळी

बाबा,

तुमचा फोटो मी हॉलमध्ये लावलेला नाही. आईनं तो तिच्या कपाटात साड्यांखाली ठेवलाय आणि तो तिथंच राहील. मेल्या माणसाशी वैर धरू नये म्हणतात. मी धरलंय, आणि या आठवड्यात तर ते वाढलं.

आधी माझ्या उद्योगाविषयी, कारण त्याच्या मुळाशी तुम्हीच आहात. इंदिरानगरच्या ऑफिसात पोटासाठी प्रोग्राम लिहिते ते वेगळं. हौसेनं मी एक छोटी लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रामरना आपल्या कामात जोडून घेता येईल असा कोडचा संच. गाण्याचं नाव किंवा एखादी ओळ द्यायची, ती इंटरनेटवर शोधते, जाहिरातींचा कचरा काढते आणि गाण्याचे शब्द आणून देते. सापडलं नाही तर गप्प बसते. कुठले कुठले लोक ती फुकट वापरतात आणि माझे आभार मानतात. त्यांच्यासाठी मी ती लिहिलीच नव्हती. तुम्हाला खोटं पाडायला लिहिली होती.

फॅक्टरीतून आलात की तुम्ही क्वार्टर्सच्या बाहेरच्या खोलीत चहा घेत बसायचात. आत आई पोळ्या लाटता लाटता गुणगुणते आहे. एखादा शब्द इकडचा तिकडे होतो आणि तुम्ही पेला टेबलावर आपटता. आई थांबते. "पहिल्यापासून," तुम्ही म्हणता. ती पुन्हा सुरू करते, भीतीनं पुन्हा तिथंच अडखळते, पुन्हा पेला. शेवटी नुसता लाटण्याचा आवाज उरतो. कॉलनीच्या गणपतीत तर तुम्ही पहिल्या रांगेतून सगळ्यांदेखत म्हणालात, "शब्द चुकला. पहिल्यापासून घ्या." घरात अगंतुगं, आणि तिथं "घ्या". शेजारच्या अक्का कळवळून कानडीत म्हणाल्या, "होगली बिडी, सर," जाऊ द्या म्हणून. तुम्ही सोडून दिलं नाहीत. आई स्टेजवरून उतरली ती परत चढली नाही.

लायब्ररी चालायला लागली तेव्हा मी आधी तीच गाणी शोधली. बहुतेक ठिकाणी तुम्हीच बरोबर निघालात. माझा असा तिळपापड झाला की लॅपटॉप मिटून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. बरोबर असणं एवढंच तुम्हाला येत होतं.

आता या रविवारी माझ्या लेकीचं बारसं आहे. सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार माणसं येतील आणि आईनं पाळणा म्हणायचा, असं मी ठरवलं. तिच्या माहेरचा, निपाणीकडचा. धाकट्या भावाच्या बारशाच्या वेळी तुम्ही तिला त्यावरून फैलावर घेतलंत, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यात पाळण्याला मध्येच कानडीत तोट्टिलू म्हटलं होतं. "ही काय खिचडी? खरा पाळणा असा नाही," म्हणालात आणि तिच्या ओळी काढून तुमच्या 'शुद्ध' ओळी तिच्याकडून घोटून घेतल्यात. पाहुणे आले तेव्हा तिनं तुमच्याच म्हटल्या.

म्हणून तो पाळणाही शोधला. तुमच्या ओळी दिल्या, लायब्ररी गप्प. तोट्टिलू घालून पाहिलं, तरी गप्प. शेवटी निपाणीला आईच्या मावशीला फोन केला आणि विचारलं, खरा पाळणा कुठला? ती हसायलाच लागली. "अगं, त्यात खरं-खोटं कसलं? चाल सगळ्यांची एकच. मधल्या ओळी जिचं पोर तिनं घालायच्या, अशी रीत हाय आमच्यात. तुझ्या आईनं तुझ्या बारशाला घातलेल्या की! काय गोड होत्या. मला आता येत नाहीत बघ."

माझ्या ओळी होत्या त्या, बाबा. आईनं माझ्यासाठी केलेल्या, धाकट्यालाही त्याच म्हणायला निघालेली. त्यांत चूक काढायला जागाच नव्हती, आणि तुम्ही ती काढलीत.

मी धावत आईकडे गेले. ती मेथी निवडत होती. म्हटलं, "आई, तू चुकत नव्हतीस. तुझ्याच ओळी म्हण." तिचा चेहरा केवढा उजळला. तिनं मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं आणि सुरुवात केली. आवाज थकलाय, पण चाल अजून तशीच वळते. मग ती जागा आली आणि ती थांबली. कुणी काही आपटलं नव्हतं. तिनं आपसूक दाराकडे पाहिलं आणि पुढे तुमच्या ओळी म्हटल्या. परत म्हणायला लावलं, परत तुमच्याच.

"माझ्या कशा होत्या की गं," ती म्हणाली. "आठवंना झालंय. ह्यांच्याच बसल्यात तोंडात." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

मला फक्त तोट्टिलू आठवतो. धाकट्याला तेवढाही नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. तुम्ही ते लाल शाईनं तपासून परत पाठवलं असतंत. पण एक कबूल करते. तुम्ही वाढदिवस विसरायचात, आमच्या इयत्ता विसरायचात, कुणाची चूक मात्र कधी विसरला नाहीत. आईच्या त्या ओळी अजून कुणाला पाठ असतील तर त्या तुम्हालाच. माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, तरी रविवारी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात तर मी भांडणार नाही. आत घेईन, चहा देईन आणि विचारीन, सांगा बाबा, ती काय चुकत होती?