दाजींचं पाणी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिरूर अनंतपाळ,
१२ एप्रिल १९८६

चि. डॉ. बसवराज यास शिवगंगाअक्काचे अ. आ.

आधी बैस, मग वाच. तुझ्या दाजींचा रक्ताचा रिपोर्ट लातूरहून आला. किडनीचा आकडा, ते क्रिएटिनीन, दीडाचं अडीच झालंय. आत्याबाईंनी तुमच्याच मद्रासच्या दवाखान्यात पोटच्या लेकाला आपली एक किडनी दिली, त्याला आठच महिने झाले. ती वाया चालली का रे? गोळी एक चुकली न्हाई, मीच हातावर ठेवते. आत्याबाई विचारून राहिल्या, माझीच किडनी हलकी निघाली का? काय सांगू त्यांना?

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पण इथं पाण्याचा टँकर चार दिवसांआड. तू मद्रासला किडनी बसवायचं शिकून राहिलास, ते अक्काच्या कामी न्हाई आलं तर चुलीत घाल तुझी फेलोशिप! रागावू नको, लई भ्याले मी.

उत्तराकडं डोळे लावून बसलेली,
अक्का


मद्रास, १८ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल, हे सविस्तर. आमच्या सरांनी दाजींचा रिपोर्ट आम्हा चौघा शिकणाऱ्यांपुढं ठेवला आणि मला उभं केलं. मी फाडकन म्हणालो, शरीर किडनी नाकारतंय, मोठी इंजेक्शनं चालू करू. सरांनी विचारलं, पेशंट पाणी किती पितो? म्हणालो, तीन लिटर, मीच लिहून दिलंय. सर म्हणाले, लिहिलेलं नको, प्यालेलं सांग. अक्का, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

पाणी कमी पडलं तरी हा आकडा असाच चढतो. ती इंजेक्शनं उगीच दिली तर साध्या तापानं माणूस जातो. आणि खरंच नाकारत असेल, तर उशीर झाला की किडनी गेली. म्हणून तीन दिवस तू समोर बसून पाणी पाज आणि पुन्हा रक्त तपास. आकडा उतरला नाही, तर त्याच दिवशी गाडीत बसा.

तुझ्या शिव्यांनाही आशीर्वाद समजणारा,
बसू


शिरूर अनंतपाळ, २६ एप्रिल

चि. बसवराज यास अ. आ.

चोर सापडले! दोघंबी घरातलेच. दुपारी कणगीआड बसून बघितलं. दाजी आपल्या वाटचं पाणी आईच्या घागरीत ओतून आले. किडनी घेतली, आता तिचं पाणीबी पिऊ का, म्हणतात. घडीभरानं आत्याबाई उठल्या आणि तेच पाणी लेकाच्या घागरीत. दोन महिने पाणी नुसतं फिरून राहिलं, प्यालं कुणीच न्हाई. दोघांना समोरासमोर बसवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. मग रडलेबी.

तीन दिवसांनी दाजींचा आकडा दीडवर आला. देव पावला. मी आत्याबाईंचंबी रक्त द्यायला लावलं. तीन दिवस पाणी पिऊनबी त्यांचं तीन निघालंय, बसू. पायांवर सूज हाय. त्या म्हणतात, लेकाचं बरं झालं, आता मला कशाला तपासता. दाजींच्या फायलीत ढीगभर कागद हायत. आत्याबाईंचा एकबी सापडंना. देणाऱ्याची फाईल ठेवायला तुम्हाला शिकवत न्हाईत का रे?

अक्का


तार. मद्रास, ३० एप्रिल

शिकवतात. मीच ठेवली नाही. आत्याबाईंना आजच घेऊन निघा. स्टेशनवर उभा राहतो. बसवराज