मयतीला पहिलं कोण आलं?

प्रिय रशीद,

काल संध्याकाळी दार-ए-सलामच्या दवाखान्यात तू गेलास. सबाने, तुझ्या मुलीने, मंगरूळपीरला जमीलला फोन केला आणि जमीलने मला. तुझ्या या धाकट्या भावाचा आवाज इतका तुझ्यासारखा आहे, की क्षणभर वाटलं तूच बोलतोयस आणि हा तुझा नेहमीचा वात्रटपणा आहे.

पेपरसाठी तुझ्यावरचा मजकूर वेळेत पाठवला. 'आफ्रिकेच्या राजकारणाचे थोर इतिहासकार, जिल्ह्याचे सुपुत्र' वगैरे. त्यात जे लिहिता येत नाही ते इथे लिहितोय. मला तुझा हेवा वाटत आलाय. आजही वाटतो. मेलेल्या माणसाचा हेवा! आहे का काही अर्थ?

आठवतं किन्हीराजा? एकाच साप्ताहिकाचे आपण दोघे बातमीदार, ग्रामपंचायत निवडणुकीसाठी एसटीने गेलो होतो. तू भेटेल त्याला विचारत होतास, वारं कोणाचं? सगळे हसून चहा पाजत होते. मी एका म्हातारीला सहज विचारलं, "आजी, तुमच्या घरी मयत झाली तेव्हा पहिलं कोण आलं? आणि कोण आलंच नाही?" तिने तिथेच बसून अख्ख्या गावाचं राजकारण उलगडून ठेवलं.

मी त्याची साप्ताहिकात एक छोटी चौकट छापली आणि विसरलो. तू तोच प्रश्न समुद्रापलीकडे नेलास. टांझानियाच्या खेड्यापाड्यांत आयुष्यभर तेच विचारत फिरलास. पक्षाचा माणूस आला का? जुना मुखिया आला का? स्वातंत्र्यानंतर तिथे सत्ता कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे त्यातून लिहिलंस. जगाने डोक्यावर घेतलं तुला! आणि प्रस्तावनेत मी कोण? 'वाशिमचा एक मित्र'!

तू गावी आलास तेव्हा रिसोडच्या स्टँडवर तुला जाब विचारला, तर म्हणालास, "तुह्यं नाव टाकलं असतं तं तुले त्या पुस्तकाले शिव्या देता आल्या असत्या का बे?"

"पन प्रश्न माह्या होता!"

"होता ना. मंग तू तो दुसऱ्यांदा कुठं इचारला?"

मी गाडी लागली का ते बघायला गेलो. इतकं खरं बोलायची काय गरज होती रे?

आज सकाळी मंगरूळपीरला तुझ्या अम्मींकडे गेलो. तुला इथेच, अब्बांच्या शेजारी दफन करायचं म्हणून त्या अडून बसल्या होत्या. तिकडे सबा त्यांच्या होकारासाठी थांबलेली. "भाऊ, तुमीच सांगा," जमील म्हणाला, "माह्यं आयकून नाई राह्यली."

मी काय सांगणार? पण अम्मींनीच विचारलं, "दिवाकर, तिथं त्याच्या घरी कोन बसलं हाय?"

मी सबाला फोन लावला. ती सांगत गेली, मी अम्मींना सांगत गेलो. तू ज्या खेड्यांत राहिलास तिथून माणसं बस करून आलीत. अंगणात बाया चुलीवर भात शिजवताहेत. एक म्हातारा मुखिया दारातून हलायला तयार नाही. म्हणतो, मी घरचाच आहे.

अम्मींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "राहू दे मंग तिकडंच. इथं त्याले वळखनारे आता किती? जमील, तू आन मी."

खरं सांगू? त्या क्षणीही मला रडू आलं नाही, हेवाच वाटला. उभा जिल्हा फिरून बातम्या लिहिल्या मी, रशीद. माझ्यासाठी बस करून कोण येईल?

उठलो, तर अम्मींनी हात धरला. "उद्या लोकं येतीन. तू जमीलच्या बाजूनं बस. थोरल्याच्या जागी."

तुझी जागा मला! आणि मिळाली तीही अशी. तेव्हा मात्र रडलो.

उद्या दुपारच्या नमाजनंतर तिकडे तुझं दफन होईल. इथे जमील दुकान बंद ठेवणार आहे. लोक येतील, तुझं भरभरून कौतुक करतील. संध्याकाळपर्यंत मी जागचा उठणार नाही. सगळं मान खाली घालून ऐकेन आणि मध्ये एकदाही 'पण' म्हणणार नाही. शब्द देतो.

तुझा,
दिवाकर