वरच्या मजल्यावरचा जर्मन आणि माझा बिबट्या

३ नोव्हेंबर
वरच्या खोलीत जर्मन भाडेकरू आला. नाव लुकास. सर्जेराव भाऊजींनी आणला. "वहिनी, तुमच्या इंग्लिशला गिऱ्हाईक आणलंय बघा," म्हणाले. काम काय करतो विचारलं, तर तो नुसता हसला. 'कॉन्फिडेन्शियल' म्हणे. लक्ष ठेवायचं. आजपासून.

५ नोव्हेंबर, सकाळ
गच्चीवरून एमआयडीसीचे फोटो काढत होता. मी पापड बघायला म्हणून वर गेले. (पापड नव्हतेच.) आपण होऊन सांगायला लागला: युद्धं चाललीत, जहाजं अडकतात, एकाच देशाच्या मालावर विसंबणं धोक्याचं, युरोपला आशियात सुरक्षित जागा हवी आहे. 'सुरक्षित' दोनदा म्हणाला. कॉन्व्हेंटात इतिहासाच्या सिस्टर म्हणायच्या, सगळे आधी व्यापारी म्हणूनच आले होते.

संध्याकाळ
जर्मनीहून सत्यजीतचा फोन. फार खुशीत. "आई, महिनाभर थांब, एक बातमी आहे." सांगेना. मुलगी असणार, तिकडचीच. म्हणजे आता येत नाही तो परत. रडायचं नाही असं ठरवलं. थोडंच रडले.

९ नोव्हेंबर
ठराव: शत्रूला चुकीची माहिती द्यायची. लुकासला चहाला बोलावलं. पाणी कसं आहे? आठवड्यातून एकदा येतं, म्हटलं. (रोज येतं.) वीज? मी नुसता सुस्कारा सोडला. कामगार? जत्रा आली की गायब. सगळं टिपून घेत होता. धुणं वाळत घालता घालता कामाची पुतळाबाई बघत होती. नंतर म्हणाली, "बाई, त्यो एवढा हिरमुसला कशानं? भाडं वाढवलं का काय?" हिला देशाच्या सुरक्षेचं काय सांगणार.

१२ नोव्हेंबर
आज बिबट्या. शिरूर तालुक्यात बिबटे आहेतच. मी फक्त आमच्या गल्लीत आणला. रोज सहानंतर येतो, म्हटलं, फाटकापर्यंत. इंग्लिश फार सुरेख झालं. शाळेतलं वक्तृत्वाचं बक्षीस आठवलं. लग्न होऊन कारेगावात आल्यापासून इतकं सलग इंग्लिश बोललेच नव्हते.

१३ नोव्हेंबर
भाऊजी विचारत होते, "वहिनी, जर्मन सहाला कडी लावून बसतो. चहात काय घातलंत?" कळलं नाही असं दाखवलं.

१६ नोव्हेंबर
लुकासनं आईचा फोटो दाखवला. एकटीच असते. पोळीचे काठ सोडून देतो, अगदी सत्यजीतसारखा. त्याला एक शेंगदाण्याचा लाडू दिला. (चार दिले.) संशय मात्र कायम.

२१ नोव्हेंबर
गेला! निघताना माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, तुमच्या माहितीचा सर्वांत जास्त उपयोग झाला. मी मान डोलावली. पुतळाबाई डोळे पुसत म्हणाली, "चांगला व्हता वं. ताट सोत्ता घासायचा." हेरांना तसंच शिकवतात, म्हटलं. कारेगाव वाचलं.

२ डिसेंबर
सत्यजीतचा फोन. बातमी कळली. मुलगी नाही.
त्याच्या कंपनीची नवी प्रॉडक्शन लाइन इथे, रांजणगावच्या एमआयडीसीत यायची होती. तो इन्चार्ज. जानेवारीपासून घरी राहणार होता, वरच्या खोलीत. मला सरप्राइज द्यायचं होतं. पण जागा बघायला बाहेरचा माणूस नेमला होता, त्यानं रिपोर्ट वाईट दिला. आता लाइन व्हिएतनामला. सत्यजीतही तिकडेच.
"आई, तिथल्या एका सुशिक्षित बाईंनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं म्हणे. आपल्याकडे रोज बिबट्या येतो? तू कधी बोलली नाहीस."
म्हटलं, तुला उगाच काळजी वाटेल म्हणून.

३ डिसेंबर
नकाशा काढून बघितला. व्हिएतनामही आशियातच आहे. म्हणजे पोरगा जवळच आला म्हणायचा. विमान बहुधा आपल्यावरूनच जात असेल.
भाऊजी म्हणाले, कोरियन भाडेकरू आणतो. नको म्हटलं. खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं.
हल्ली संध्याकाळी पुतळाबाईच बसते माझ्याशी बोलत. आज साडेपाचलाच चपला घालायला लागली. का गं, म्हटलं.
"अवो बाई, आपल्या गल्लीत बिबट्या येतोय म्हणं. रोज. समदं गाव बोलतंय. तुमी बी कडी लावून घ्या."
लावून घेतली.